‘रंग कुठला टाकलास?’

आमच्या बैठकीच्या खोलीत साबणाच्या फुग्याचा एक मोठा फोटो लावला आहे. घरीच, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काढलेला. सोनेरी, निळे, गुलाबी, हिरवे पट्टे एकमेकांत वाहत गेलेले. येणारा जाणारा त्यापुढे थबकतो आणि विचारतो, “रंग कुठला टाकलास?” काहीच नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग फोटोशॉप?”

नाही हो! पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि फुगा लवकर सुकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन. संपलं.

पटत नसेल तर त्या पाण्यात खायचा लाल रंग टाकून फुगा काढा. लाल होतील तुमची बोटं आणि ओटा, फुगा नाही. आपला केस साधारण ५०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. फुग्याचा रंगीत दिसणारा पापुद्रा जेमतेम काही शे नॅनोमीटर. एवढ्याशा थरात रंग मावणार किती आणि दिसणार किती?

रंग येतो तो प्रकाशातूनच. थोडा प्रकाश पापुद्र्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आतल्या. परतणाऱ्या या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. कोणता रंग मरणार, हे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. पाणी खाली ओघळतं, वरचा भाग पातळ होत जातो, म्हणून पट्टे.

“म्हणजे इंद्रधनुष्यच की!” तेही नाही. तिथे थेंब रंग सुटे करतो. इथे काही रंग वजा होऊन उरलेले मिसळतात. म्हणूनच फुग्यातला राणी रंग इंद्रधनुष्यात सापडत नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर न्यूटनवर ठेवा. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याने फुगा काचेखाली झाकला आणि माथ्यापासून खाली सरकणारी रंगीत कडी पाहिली. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये ते सगळं लिहिलेलं आहे. लाटांच्या मिसळण्यातून त्याचा उलगडा थॉमस यंगने केला, १८०१ मध्ये. फोटोशॉप तेव्हा कुठे होतं?

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

महागडी मॅक्रो लेन्स हवीच: मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्सही चालते.

फ्लॅश मारला की रंग खुलतात: फक्त पांढरा ठिपका येतो. दिव्यापुढे मोठा बटर पेपर धरा, फुग्यामागे काळं कापड लावा. त्या कागदाचं प्रतिबिंब जिथे पडेल, तिथेच रंग दिसतील.

चौकोनी कडीतून चौकोनी फुगा निघतो: सुटला की गोलच. तेवढ्याच हवेला सगळ्यात कमी पृष्ठभाग गोलालाच लागतो.

बोट लागलं की फुटतो: कोरडं लागलं तर. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं बोट आरपार जातं.

फोटोत खिडकी दोनदा, त्यातली एक उलटी, म्हणजे फोटो बनावट: फुग्याची पुढची बाजू बहिर्वक्र आरसा, मागची अंतर्वक्र. दोन आरसे, दोन खिडक्या.

माथ्यावर काळं दिसलं, म्हणजे भोक पडलं: भोक पडलं असतं तर फुगा राहिला असता का? तिथे पापुद्रा इतका पातळ झालेला असतो, की परतणाऱ्या दोन लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. न्यूटननेही हा काळा डाग टिपला होता. फुगा आता फार टिकणार नाही. बटण दाबायचं ते तेव्हाच.

भिंतीवरच्या फोटोतही तो डाग आहे. काळा रंग कुठला टाकलास, असं मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.