माघी पौर्णिमेचा उरूस

आमच्या वडूजकडची कितीतरी माणसं पोटासाठी मुंबई-कल्याणला गेली. सुट्टीला गावी आली की हाजी मलंगच्या डोंगराच्या गोष्टी सांगत. पुढं मीही तो डोंगर चढलो.

कल्याणजवळच्या मलंगगडाचे तीन टप्पे आहेत : पीरमाची, सोनेमाची आणि बालेकिल्ला. दर्गा पीरमाचीवर आहे. आत दोन मजारी आहेत. एक हाजी अब्दुर्रहमान म्हणजे मलंगबाबांची, दुसरी माँ फातिमांची. बाबा येमेनहून आले आणि फातिमा इथल्या नल राजाची लेक, अशी आख्यायिका आहे.

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं. त्यामुळं हिजरी तारखेचा उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. इथला उरूस मात्र माघी पौर्णिमेला भरतो. दर्ग्याच्या व्यवस्थेत कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या वाटा आहे.

या जागेला मच्छिंद्रनाथांची समाधी मानणारेही आहेत. १९८० च्या दशकापासून तो वाद तापत आला. त्याआधी, १९५० च्या दशकात, व्यवस्थेचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. हे स्थान हिंदू किंवा मुस्लिम कायद्यानं नव्हे, तर स्वतःच्या रूढींनी किंवा विश्वस्त संस्थांच्या सर्वसाधारण कायद्यानं चालेल, असं न्यायालयानं म्हटलं.

माझ्यापुढं एक बाई नारळ घेऊन उभी होती. तिचं झाल्यावर मी फातिहा पढलो. हीच ती रूढी. ती निकालाच्या कागदावर टिकत नाही. दोन्हीकडची माणसं येत राहिली तरच टिकते. म्हणून एकदा जाऊन यावं.