वेम्ब्लीच्या विजयानंतर पोरांची पाळी

२५ फेब्रुवारी २०२४ : वेम्ब्लीवर झालेल्या फुटबॉलच्या लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलची चेल्सीवर जादा वेळेत १-० अशी मात. अनेक मुख्य खेळाडू जायबंदी असल्याने क्लार्क, मॅककॉनेल, डॅन्स ही अकादमीतली पोरं मैदानात.

२८ फेब्रुवारी : एफए कपमध्ये साउदॅम्प्टनवर ३-० असा विजय. लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक यर्गन क्लॉप यांनी पुन्हा तरुणांवरच भिस्त ठेवली.

• लुईस कूमास (१८) : पदार्पणातच गोल.
• जेडन डॅन्स (१८) : बदली खेळाडू म्हणून येऊन दोन गोल; त्यातला पहिला गोलरक्षकावरून अलगद उचललेला.
• ट्रे न्योनी (१६) : एफए कपमध्ये उतरलेला लिव्हरपूलचा तोवरचा सर्वांत लहान खेळाडू.

महत्त्व काय? थकलेल्या मुख्य खेळाडूंना उसंत मिळाली आणि अकादमीतल्या मेहनतीचं चीज झालं. विश्वास टाकला की पोरं घडतात.