विमा नसलेल्या मोटारीचा धक्का

शीव ह्या शब्दाचा अर्थच मुळीं सीमा. एके काळीं मुंबई बेट येथें संपत असे व पलीकडे साष्टी सुरू होत असे. आज दादर-परळकडून येणारा डॉ. आंबेडकर मार्ग, ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पनवेलचा रस्ता ह्यांची गर्दी येथें एकवटते; आणि जवळच्याच लोकमान्य टिळक रुग्णालयांत अपघातांत सांपडलेले लोक रात्रंदिवस आणले जातात. अशा ठिकाणीं वावरणाऱ्या गृहस्थानें मोटारीच्या कायद्याची थोडी ओळख करून घेणें इष्टच होय.

तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानें ती सक्ती कायम ठेविली. विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेतांना तीन वर्षांचा व दुचाकी घेतांना पांच वर्षांचा असा विमा एकदमच घ्यावा लागतो. परंतु ती मुदत सरली कीं पुढचा हप्ता भरण्याचा कित्येकांस विसर पडतो.

विमा असेल तर भरपाई कंपनी देते. नसेल तर चालक आणि मालक हेच देणेकरी. येथें कायद्यांतील एक विचित्र गोष्ट वाचकांच्या ध्यानांत यावी. धडक देऊन वाहन पसार झालें व त्याचा पत्ताच लागला नाहीं, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणें मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन सांपडलें, पण विमा नाहीं, तर ही योजना लागू नाहीं! इंग्लंडांत १९४६ सालीं विमा कंपन्यांनीं ह्याच कामासाठीं एक मंडळ स्थापन केलें. आपल्याकडे भरपाईची तशी सोय नाहीं. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळूं शकतात, एवढा दिलासा मात्र आहे.

मग करावें काय? पहिली गोष्ट ही कीं, रस्त्यावरच चार-पांच हजार घेऊन प्रकरण मिटवूं नये. हाड मोडल्याचा खर्च किती महिने चालेल हें त्या घटकेस कोणासच ठाऊक नसतें. वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, पोलिसांत तक्रार नोंदवून पंचनामा करवावा.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निर्धन किंवा तसें भासविणाऱ्या मालकाजवळ हातीं लागण्यासारखी एकच वस्तु असते, ती म्हणजे तें वाहन. सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राज्यांस असा नियम करण्यास सांगितलें कीं, विमा नसलेलें अपघाती वाहन पुरेसें तारण घेतल्याविना सोडूं नये. तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव करून रक्कम दावा न्यायाधिकरणांत जमा करावी. म्हणून वाहन सुटण्यापूर्वींच आपली लेखी हरकत पोलिसांकडे व दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट दाव्याची. १६६ व्या कलमाखालील अर्ज आपण राहतों तेथील न्यायाधिकरणाकडेहि करतां येतो. त्यास कायद्यानें सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिरंगाई नको. औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचे दाखले, मोटारदुरुस्तीचीं बिलें तारीखवार लावून ठेवावीं. स्त्रिया व मुलें ह्यांस उत्पन्नाची अट न घालतां वकिलाचें मोफत साहाय्य मिळतें.

निवाडा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असें मात्र नव्हे. मालक देईना तर १७४ व्या कलमाप्रमाणें न्यायाधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्याच्या नांवें दाखला मागावा; मग ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. त्या वेळीं मालकाची जागा, नोकरी, इतर वाहनें ह्यांची माहिती जो देऊं शकतो, त्याचीच वसुली पुढें सरकते.

आपल्या मोटारीचा सर्वंकष विमा असेल तर दुरुस्तीसाठीं दुसऱ्याच्या मागें धांवावें लागत नाहीं. आपली कंपनी खर्च देते, आणि तेवढ्या रकमेपुरता वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो.

शेवटीं एक सूचना. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, गाडी विकली तरी नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक होय. तेव्हां मुलाची जुनी स्कूटर कोणास दिली असेल, तर नांव बदललें कीं नाहीं तें आजच पाहावें; नाहीं तर आपल्या हातून कांहीं न घडतांहि देणेकऱ्यांच्या यादींत आपलेंच नांव यावयाचें.