स्पूल फिरतो, पण जवारी कुठे गेली?

पाव इंची टेपवर आपल्याकडे बरंच काही उतरलं: खासगी बैठका, नाटकांच्या तालमी, आजोबांचं कीर्तन. ते ऐकण्यासाठी जुने अकाई, ग्रुंडिग, रेव्हॉक्स पुन्हा माळ्यावरून खाली येऊ लागले आहेत. डेक सुरू होतो आणि आवाज येतो रजईखालून आल्यासारखा. ‘हेड गेलं’ असा निकाल लगेच लागतो. बहुतेक वेळा हेड गेलेलं नसतं, त्याच्यावर मळ बसलेला असतो.

मळाचं गणित विलक्षण आहे. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर १० किलोहर्ट्झच्या स्वराची टेपवरची तरंगलांबी जेमतेम १९ मायक्रॉन भरते. टेप आणि हेड यांच्यात एका तरंगलांबीएवढी फट पडली की आवाज ५५ डेसिबलने घटतो. म्हणजे ५ मायक्रॉनचा थरसुद्धा सुमारे १४ डेसिबल गिळतो. टेपचा वेग निम्मा केला तर त्याच्या दुप्पट. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी मात्र जवळजवळ २ मिलिमीटर, त्याला त्या थराचं काहीच वाटत नाही. म्हणून डग्गा शाबूत राहतो आणि तंबोऱ्याची जवारी गायब होते.

तेव्हा डेक बंद करून आधी सफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन हेड, गाइड आणि कॅपस्टन पुसावेत. रबरी पिंच रोलर वारंवार अल्कोहोलने पुसला तर कडक होतो. त्याला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. हेड चुंबकित झालं असेल तर डिमॅग्नेटायझर वापरतात, पण तो चालू आणि बंद करायचा डेकपासून हातभर लांब नेऊनच. हेडजवळ असताना वीज तोडली तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व मागे राहतं.

सफाईनंतरही आवाज मळकट राहिला तर संशय ॲझिमथवर, म्हणजे हेडच्या फटीच्या कलावर. ती टेपच्या धावेला काटकोनात हवी. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. पुस्तकं प्रमाणित टेप लावून कल एकदाच पक्का करायला सांगतात, आणि ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ते बरोबरच. पण घरगुती टेप ज्या डेकवर भरली त्याचंच हेड तिरकं असू शकतं, त्यामुळे जुनं ऐकताना कल त्या टेपशीच जुळवावा. स्क्रूची मूळ जागा खुणेने नोंदवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी किंचित फिरवा. जवारी उघडली की थांबा.

मागून कोणीतरी उलटं गातंय असं वाटलं तर घाबरू नका. दोन्ही बाजूंनी भरलेली क्वार्टर-ट्रॅक टेप हाफ-ट्रॅक डेकवर लावली की असंच होतं. तिथे डेकच बदलावा लागतो.

सूर डळमळत असेल तर कॅपस्टन, पिंच रोलर आणि बेल्ट तपासा. सूर स्थिर, पण खाली असेल तर डेक कुठून आला ते विचारा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. मोटर त्या गतीला बांधलेली असेल तर टेप एक षष्ठांशाने मंद धावते आणि काळी चारचा षड्ज जवळपास पांढरी चारवर उतरतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. त्यासाठी पुली किंवा कॅपस्टनचा भाग बदलावा लागतो. रेव्हॉक्स ए-७७ ची कॅपस्टन मोटर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालते, तिला ही अडचण नाही.

घुमणारी घरघर बहुधा वाळलेल्या कपॅसिटरची, बटण हलवताच होणारी खरखर गंजलेल्या स्विचची. व्हॉल्व्हच्या डेकमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब साठून राहतो, तिथे जाणकार मेकॅनिकच हवा.

कधी डेक निर्दोष असतो आणि टेपच आजारी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अ‍ॅम्पेक्स ४५६ सारख्या टेपांचा पॉलियुरेथेन बाइंडर हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. टेप चिरकते आणि हेडवर गाळ सोडते. अशी टेप ओढत वाजवू नका. तज्ज्ञ ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास, तापमान काटेकोर राखून शेकतात, घरच्या ओव्हनमध्ये नव्हे. त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. ॲसिटेटची टेप मात्र कधीही शेकू नये. स्पूल उजेडासमोर धरला तर ती अर्धपारदर्शक दिसते, आणि खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा वास येतो.

कोणताही डेक तपासताना पहिली टेप वाया गेली तरी चालेल अशीच लावा. आजोबांचं कीर्तन शेवटी. संगणकात नक्कल उतरल्यावरही मूळ स्पूल टाकू नका. उद्या याहून चांगला डेक मिळाला तर त्याच टेपमधून आणखी आवाज निघू शकतो.