भेटीचं भाडं

जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. वर्तमानपत्रांनी नोकरदारांचा आणि विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. तुरुंगातल्या आपल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. तो कधीच मांडला गेला नाही, म्हणून हा मागोवा.

1981 साली फ्रान्सिस कोराली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरच्यांना भेटणं हा बंदीच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 1983 मध्ये तुरुंगसुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीचा अहवाल आला. पुढची वर्षं कागदांत गेली. हक्क कागदावर आला, पण तुरुंगाच्या दारापर्यंतचं भाडं ज्याचं त्याने बघायचं.

मी जवळून पाहिलं ते नव्वदचं दशक. नागपूर मध्यवर्ती कारागृहाबाहेर भल्या सकाळपासून नंबर लागायचे. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली धरलेल्या गडचिरोलीच्या आदिवासींची माणसं त्यांत असायची. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच बंद. कोंबड्या विकून, मोहफुलांच्या पैशांतून तिकीट काढून बाया यायच्या. रात्र बसस्थानकावर काढायच्या. मग जाळीपलीकडच्या नवऱ्याशी काही मिनिटं ओरडून बोलायचं. शेजारी आणखी दहाजण ओरडत असत, निम्मं ऐकूच यायचं नाही. कधी दारावर कळायचं, की माणूस दुसऱ्या तुरुंगात हलवलाय. मग तेवढेच पैसे पुन्हा जमवायचे.

म्हणून पुष्कळजणी कोर्टाच्या तारखेची वाट पाहायच्या. कोर्ट गावाजवळ असायचं, भाडं कमी पडायचं. व्हरांड्यात एखाद्या शिपायाने मान वळवली तर हातात हात घेता यायचा, फडक्यातली भाकरी देता यायची, पोर बापाच्या मांडीवर बसायचं. त्या काळातली खरी भेट तीच. 2009 नंतर रिमांड व्हिडिओवरून घ्यायची कायद्याने मुभा मिळाली आणि हळूहळू तो व्हरांडा गेला. पोलिसांचा प्रवासखर्च वाचला, घरच्यांचा वाढला.

नव्वदच्याच दशकात एका बैठकीत मी प्रवासखर्चाचा विषय काढला. ‘गुन्हेगारांच्या नातेवाइकांवर जनतेचा पैसा उधळायचा?’ असं एका बड्या अधिकाऱ्याने सुनावलं. त्याची चीड अजून गेलेली नाही. तुरुंगातल्या चारांपैकी तिघांवरचा गुन्हा शाबीतच झालेला नसतो, आणि बायकापोरांवर तर आरोपही नसतो. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला वर्षातून 26 भेटींपर्यंतचा खर्च सरकार देतं. तिथल्या जनतेचा पैसा काय उधळायचा असतो?

2022 मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली: 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याज. पाऊल चांगलं, पण ते कर्जच, तेही शिक्षा झालेल्यांसाठी. मार्च 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. कैद्यांच्या आयाबायकांना चाळीस वर्षांत मिळालेली सगळ्यात मोठी मदत हीच, आणि ती देताना सरकारच्या मनात त्या नव्हत्याच.

करोनाकाळात तुरुंगातल्या भेटी, म्हणजे मुलाखती, थांबल्या, व्हिडिओ भेटी रुळल्या. आता खर्चाचं काढलं की त्यांच्याकडे बोट दाखवतात. ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही, तिथल्या आईने काय करायचं?

मुलाखतीला आलेल्याची नोंद संगणकात होते, ओळखपत्र तपासलं जातं. त्या नोंदीवरून गरीब घराच्या खात्यात महिन्याकाठी एका भेटीचं, दोघांचं, येण्याजाण्याचं भाडं टाकता येईल. नव्वदच्या दशकात मागणी एवढीच होती, आजही तेवढीच आहे. मुलाला भेटायला निघालेल्या, पासष्टी न गाठलेल्या बापाला तर अजूनही पूर्ण तिकीट काढावं लागतं.