स्तालिनचा चित्रपटांचा नाद : दोन समकालीन पुरावे

राज्यकर्त्यांच्या आवडीनिवडींविषयीं ज्या आख्यायिका चालत आलेल्या असतात, त्यांची किंमत बखरीहून अधिक नसते. समकालीन कागद हातीं आला म्हणजेच त्यांतील खरेंखोटें निवडतां येतें. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट रशियाचें नेतृत्व करणारा योसेफ स्तालिन यास चित्रपटांचा मोठा नाद होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिला आधार देणारे दोन समकालीन पुरावे उपलब्ध असल्यानें त्यांचा परिचय येथें करून देतों.

पहिला पुरावा बोरिस शुम्यात्स्की याच्या टिपणांचा. हा सोव्हिएट चित्रपटखात्याचा मुख्य होता. क्रेमलिनमधील खाजगी चित्रगृहांत स्तालिन व त्याचे सहकारी रात्रीं चित्रपट पाहात, त्या वेळीं झालेलीं संभाषणें तो टिपून ठेवी. हीं टिपणें १९३४ ते १९३७ या काळांतील आहेत. यादवी युद्धावरील ‘चापायेव’ (१९३४) हा चित्रपट स्तालिननें पुनःपुन्हां पाहिल्याचें त्यांवरून दिसतें. टिपणें धन्याची मर्जी सांभाळणाऱ्या सेवकाचीं आहेत, हें वाचतांना विसरतां कामा नये. ती मर्जीहि टिकली नाहीं. १९३८ च्या जुलैंत शुम्यात्स्कीस गोळी घालून मारण्यांत आलें. टिपणें मात्र दप्तरांत राहिलीं व पुढें छापून प्रसिद्ध झालीं.

हा नाद केवळ करमणुकीचा नव्हता. आयझेनश्टाइनच्या ‘अलेक्सांद्र नेव्स्की’ (१९३८) या चित्रपटांत तेराव्या शतकांतील जर्मन सरदारांचा पराभव दाखविला आहे. १९३९ च्या ऑगस्टांत जर्मनीशीं करार होतांच तो मागें घेण्यांत आला. १९४१ च्या जूनमध्यें जर्मनांची स्वारी येतांच पुन्हां दाखविला जाऊं लागला. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं सैन्यापुढें भाषण करतांना स्तालिननें थोर पूर्वजांत पहिलें नांव नेव्स्कीचें घेतलें.

दुसरा पुरावा अधिक मोलाचा आहे. सोळाव्या शतकांतील झार चवथा इव्हान याजवर आयझेनश्टाइननें युद्धकाळांत आल्मा-आता येथें चित्रपट घेतला. त्याच्या पहिल्या भागास १९४६ सालीं स्तालिन पारितोषिक मिळालें, तर दुसऱ्याचा त्याच वर्षीं ४ सप्टेंबरच्या पक्ष-ठरावानें निषेध झाला. २५ फेब्रुवारी १९४७ च्या रात्रीं आयझेनश्टाइन व इव्हानची भूमिका करणारा नट चेर्कासोव्ह यांस क्रेमलिनमध्यें बोलावणें आलें. स्तालिनबरोबर मोलोतोव्ह व झ्दानोव्ह हेहि हजर होते. भेटीनंतर लागलीच दोघांनीं आठवेल तें सांगून आगापोव्ह नांवाच्या लेखकाकडून वृत्तांत लिहवून घेतला. दोन साक्षीदारांनीं तत्काळ एकत्र केलेली ही नोंद असल्यानें तिचें प्रामाण्य मोठें आहे. इव्हान हॅम्लेटसारखा चंचल दिसतो. तो क्रूर होता हें दाखवावें, पण क्रौर्य कां आवश्यक होतें तेंहि दाखवावें. बड्या सरदारांचीं पांच घराणीं त्यानें शिल्लक ठेविलीं हीच त्याची चूक, असे स्तालिनचे आक्षेप तींत नमूद आहेत.

सुचविलेल्या दुरुस्त्या न होतांच आयझेनश्टाइन ११ फेब्रुवारी १९४८ रोजीं वारला. दुसरा भाग लोकांपुढें आला तो १९५८ सालीं, स्तालिनच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं.

इव्हानच्या कालासंबंधानें या नोंदीपासून कांहींच लाभ नाहीं; परंतु स्तालिनच्या मनाचा ठाव तींत लागतो. आपणांस सोयीची बखर लिहवून घेणारे धनी सर्व देशांत झाले. येथें बखर पडद्यावरची होती, इतकाच फरक. धन्याचा हुकूम चित्रपटावर चालला. त्या रात्रीं लिहून ठेविलेल्या कागदावर तो चालला नाहीं.