समाधानी ग्राहक नेमका कोण? नव्या मोटारींच्या सर्वेक्षणांवर किती विसंबावे

सिरुसेरी (चेन्नई) : जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील सिरुसेरीच्या सिपकॉट माहिती-तंत्रज्ञान उद्यानात रोज सकाळी शिरणाऱ्या मोटारींपैकी काही चेन्नईच्याच परिसरात जन्मलेल्या असतात. ह्युंदाईचा कारखाना श्रीपेरुंबुदूरजवळ आहे, तर रेनोचा ओरगडम येथे. याच उद्यानात २००५ पासून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणित व संख्याशास्त्राची नामांकित संस्था आहे. ‘ग्राहक समाधानात प्रथम क्रमांक’ अशा जाहिरातींमुळे या दोन जगांचा संबंध येतो. मोटार बनविणारे ज्या क्रमांकाचा डिंडिम वाजवतात, त्याची परीक्षा करण्याची रीत संख्याशास्त्राकडे आहे. घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी करू पाहणाऱ्या कुटुंबाने ती थोडीफार तरी जाणून घ्यावी, अशी आहे.

या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित नाव म्हणजे जे. डी. पॉवर. १९६८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ही संस्था सर्वेक्षणे स्वतःच्या खर्चाने करते, त्यांतील तपशील मोटार कंपन्यांना विकते आणि जाहिरातीत आपले नाव व मानांकन वापरू देण्यासाठी परवाना शुल्क घेते. १९८४ मध्ये सुबारू कंपनीने अमेरिकेतील सुपर बोल सामन्याच्या प्रक्षेपणात असे मानांकन प्रथम दूरचित्रवाणीवर झळकवले. तेव्हापासून ही प्रथा रुळली. यावरून क्रमांक विकत मिळतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. मात्र ज्याचा क्रमांक वर लागला तोच शुल्क भरून तो मिरवतो आणि सातव्या क्रमांकावरचा गप्प बसतो, हे उघड आहे. परिणामी वाचकापर्यंत सर्वेक्षणाचा एकच तुकडा पोहोचतो.

खरी अडचण मात्र पैशांपेक्षा प्रश्न कोणाला विचारला जातो, यात आहे.

जे. डी. पॉवरच्या भारतातील विक्रीपश्चात सेवेच्या सर्वेक्षणात मारुती सुझुकीने २०१४ पर्यंत सलग १५ वर्षे प्रथम क्रमांक राखला होता. २०१७ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. एक हजार गुणांपैकी किती मिळाले, अशी त्याची मोजणी असे. परंतु हे सर्वेक्षण मोटार घेऊन १२ ते २४ महिने झालेल्या आणि अधिकृत सेवा केंद्रात गेलेल्या मालकांचे असे. पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच अधिकृत केंद्राला कंटाळून जो कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे वळला, तो या यादीतून आपोआप गळत असे. म्हणजे सर्वांत असमाधानी ग्राहकच मोजणीबाहेर राहण्याची शक्यता अधिक. आजारी विद्यार्थी घरी असताना वर्गात हजर असलेल्यांची तब्येत तपासावी, तसाच हा प्रकार आहे.

मालकांची यादी कोठून मिळते, हाही प्रश्न गौण नाही. २०२० मध्ये जे. डी. पॉवरने अमेरिकेतील प्रारंभिक गुणवत्तेच्या सर्वेक्षणात टेस्लाचा प्रथमच समावेश केला. तेथील १५ राज्यांत मालकांशी संपर्क साधण्यास उत्पादकाची परवानगी लागते आणि टेस्लाने ती दिली नाही. उरलेल्या ३५ राज्यांतील उत्तरांवरून दर शंभर मोटारींमागे २५० दोष असा आकडा निघाला. तो त्या वर्षीच्या सर्व नाममुद्रांपेक्षा वाईट होता, तरी टेस्लाला अधिकृत क्रमवारीत बसवता आले नाही. परीक्षार्थीच्या संमतीवाचून परीक्षा अधुरी राहते, असा हा अनुभव होता.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ती खरी ठरते, कारण पातेल्यातील सारा भात जवळपास सारखा शिजलेला असतो आणि शीत कोठूनही उचलले तरी चालते. मोटारमालक तसे नसतात. म्हणून शीत कोणते उचलायचे हे उचलणाऱ्याच्या मर्जीवर किंवा उत्तर देणाऱ्याच्या हौसेवर न सोडता यदृच्छेवर सोडावे लागते. संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर यांनी निवडणूक जनमत चाचण्यांच्या संदर्भात हाच आग्रह वर्षानुवर्षे धरला आहे. ते सिरुसेरीच्या संस्थेचे सुमारे दशकभर संचालक होते आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे अध्यक्ष झाले. आपणहून मत नोंदवणाऱ्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी ती यदृच्छ नमुन्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा केल्या, रूझवेल्ट पराभूत होणार असे भाकीत केले आणि तोंडघशी पडले. गंमत अशी, की त्या साप्ताहिकाने नावे ज्या याद्यांतून घेतली, त्यांत मोटारमालकांचीही यादी होती.

नमुना नीट निवडला तरी अपरिहार्य अशी एक अनिश्चितता उरतेच. समजा, एखाद्या मॉडेलच्या १०० मालकांनी मिळून १०० दोष सांगितले. हे दोष निव्वळ योगायोगाने विखुरलेले आहेत असे मानले, तरी त्या मॉडेलमधील दोषांचे खरे प्रमाण शंभर मोटारींमागे ८० ते १२० यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, इतकेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. मालकांची संख्या चौपट केली, म्हणजे ४०० जणांना विचारले, तर ही कक्षा निम्मी होते. तेव्हा शंभर-शंभर मालकांच्या उत्तरांवरून एका मोटारीचे ९५ आणि दुसरीचे १०३ दोष निघाले, तर दुसरा-तिसरा क्रमांक ठरवण्यात फारसा अर्थ नाही. जाहिरातीत मात्र क्रमांकच छापला जातो, कक्षा नव्हे.

मग ‘समाधान’ म्हणजे तरी काय? २००३ च्या अमेरिकी सर्वेक्षणात हमर एच-२ ही अजस्र गाडी तळाला गेली, कारण तिच्या मालकांनी इंधन फार लागते अशी तक्रार ‘दोष’ म्हणून नोंदवली होती. गाडीत बिघाड नव्हता. ती होती तशीच होती. याच्या उलट उदाहरण २०१५ चे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्ला मॉडेल एसची विश्वासार्हता सरासरीपेक्षा कमी ठरवून तिची शिफारस मागे घेतली, त्याच सुमारास तिच्या ९७ टक्के मालकांनी आपण हीच गाडी पुन्हा घेऊ असे सांगितले होते. बिघाड वेगळा आणि नाराजी वेगळी. मोठी रक्कम मोजल्यावर आपला निर्णय चुकला असे मान्य करणे जड जाते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुकतीच मोटार घेतलेले लोक नाकारलेल्या मोटारींपेक्षा आपण घेतलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचतात, असे आढळले होते. पेढे वाटून झाल्यावर मनातही खरेदीचे समर्थन चालूच राहते. म्हणूनच भारतात खरेदीनंतर दोन ते सहा महिन्यांत होत आलेल्या प्रारंभिक गुणवत्तेच्या पाहणीपेक्षा ३० ते ४२ महिन्यांनंतरच्या टिकाऊपणाच्या पाहणीतून टिकाऊपणाविषयी अधिक कळते. नव्या गाडीचा वास तोवर गेलेला असतो. दुर्दैव असे, की इतक्या काळात ते मॉडेल अनेकदा बदललेलेही असते.

स्वतंत्र संस्थांच्या या पाहण्यांपेक्षा कंपन्यांचे स्वतःचे दूरध्वनी सर्वेक्षण हा निराळाच प्रकार आहे आणि दोहोंची गल्लत करू नये. चेन्नईतील एका सेवा केंद्रात या प्रतिनिधीच्या मोटारीचे सर्व्हिसिंग झाले, पण वातानुकूलनाची मूळ तक्रार तशीच राहिली. गाडी हाती देताना सल्लागार अजिजीने म्हणाला, “सर, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी माझा इन्सेंटिव्ह जातो. एसीचं मी उद्या बघतो.” दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा या प्रतिनिधीने त्या तरुणाच्या पगाराचा विचार करून दहा गुण दिले. एसी पुढच्या महिन्यात दुसरीकडे दुरुस्त झाला. कंपनीच्या दफ्तरी त्या दिवशीचा ग्राहक पूर्ण समाधानी आहे. मोजमापाला कर्मचाऱ्याची मिळकत बांधली, की आकडा सेवेचा राहत नाही, भिडेचा होतो.

आणि काही गोष्टी मालकाला विचारून कळूच शकत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय बाजारातील पाच लहान मोटारींच्या अपघात चाचणीचे निकाल जाहीर केले. मारुती ऑल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. यांतील फिगो आणि आय-१० चेन्नई परिसरातच बनत. या मोटारी चालवणारी असंख्य कुटुंबे त्यांच्यावर मनापासून खूश होती. त्यांच्या समाधानात खोटे काहीच नव्हते. ज्या प्रसंगात गाडीची कसोटी लागते, तो त्यांच्यावर आला नव्हता, एवढेच. भारत एनकॅप ही देशी मानांकन व्यवस्था १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि तिचे तारे टक्कर घडवून मिळतात, विचारपूस करून नव्हे.

मानांकने व पुरस्कार जाहिरातीत कसे वापरावेत याविषयी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरांतील ओळ त्यामुळे वाचण्याजोगी असते. सर्वेक्षण कोणते, कोणत्या वर्षीचे, आणि प्रथम क्रमांक साऱ्या बाजारात की एखाद्या चिंचोळ्या गटात, हे तिथेच लिहिलेले असते. याखेरीज, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या वाहनातील सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार मालकाला सरकारी पोर्टलवर थेट नोंदवता येते. विकलेल्या वाहनांच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, तर उत्पादकाला वाहने परत बोलावून दुरुस्त करून देणे भाग पडते. तेथे दहापैकी किती, असे कोणी विचारत नाही. काय बिघडले, एवढेच लिहावे लागते.